आजी नातवाला अमेरिकेत बोलवू शकते का?

प्रश्न: आई न्यू जर्सीला भावाकडे असते, आता सिटिझन झालीय. माझा मुलगा दहावीला. एजंट म्हणतो आजीच्या नावावर त्याची फाईल टाकू, तिच्या पासपोर्टची झेरॉक्स पण घेऊन गेला. जमेल का? – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: ताई, नाही हो. नातवासाठी आजीला थेट अर्जच करता येत नाही, त्यामुळे एजंटला एक रुपया देऊ नका. आई तुमच्यासाठी आय-१३०, म्हणजे नातेवाइकाला बोलवायचा अर्ज, भरू शकते, लग्न झालेल्या मुलीसाठी म्हणजे एफ३ या व्हिसा गटात, आणि त्यात तुमचे मिस्टर नि मुलगा मागोमाग येतात पण मुलगा २१ च्या आतला, बिनलग्नाचा पाहिजे. घोडं इथंच अडतं, एफ३ ची रांग १० वर्षांहून मोठी, तोवर पोरगं वय ओलांडून जाणार बहुतेक. त्याच्यासाठी पुढं स्टुडंट व्हिसाचंच बघा.