पावसाने दिलेली संधी

प्रश्न : वेल्सचा जॉन टोशॅक खेळाडू म्हणून मोठा की प्रशिक्षक म्हणून? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कोल्हापूरकर फुटबॉलचं विचारणार नाहीत तर कोण! माझा कौल प्रशिक्षकाला. पण आधी एक पावसाची गोष्ट. १९७३, यूईएफए कप या युरोपीय क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्याची पहिली लढत, लिव्हरपूल विरुद्ध बोरुसिया मोंशनग्लाडबाख. टोशॅक लिव्हरपूलच्या सुरुवातीच्या संघात नव्हता. धो-धो पावसाने खेळ थांबला. तेवढ्यात लिव्हरपूलचे व्यवस्थापक बिल शँक्लींनी हेरलं की जर्मन बचाव उंच चेंडूंना कच्चा आहे. दुसऱ्या दिवशी उंचापुरा टोशॅक मैदानात, सहकारी केव्हिन किगनचे दोन गोल आणि लिव्हरपूल ३-०!

१९७८ मध्ये, अवघ्या २८ व्या वर्षी, तो स्वान्सी या वेल्समधल्या क्लबचा खेळाडू-व्यवस्थापक झाला. संघ इंग्लिश लीगच्या चौथ्या श्रेणीत. १९८१ मध्ये तोच संघ पहिल्या श्रेणीत पोहोचला आणि तिथल्या पहिल्याच सामन्यात लीड्सला ५-१ ने लोळवलं. माझ्या मते त्याची सर्वांत मोठी कमाई हीच. कारण पुढे १९९० मध्ये रेआल माद्रिदला १०७ गोलांसह स्पॅनिश लीग जिंकून दिली खरी, पण तिथे ह्युगो सांचेझसारखे हुकमी एक्के हाताशी होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात माद्रिदने त्याला नारळ दिला, हे आणखी वेगळं.

आणि हो, २००६ मध्ये वेल्सचा प्रशिक्षक असताना १६ वर्षांच्या गॅरेथ बेलला वेल्सकडून पहिल्यांदा उतरवलं, तेही यानेच.