जेट-स्कीचा सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) शिट्टी मारतो, पिकअपही पडला. बेअरिंग गेलं का?

बहुतेक हो, भाऊ. गोसीखुर्दच्या पाण्यात फिरवायला जुनी गाडी घेतली म्हणता, तर आधी ती चालवणं बंद करा.

मी हार्वेस्टरचे टर्बो खोलतो, तेही इंजिनात हवाच कोंबतात, दुखणं जवळपास तेच. इंजिन मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर असतं तेव्हा सुपरचार्जरचा शाफ्ट ४०,०००च्या वर फिरतो, आणि त्या बेअरिंगला ऑइल मिळतं ते इंजिनचंच. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून पाहा. ऑइल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी शिरलंय, मग बेअरिंग किती टिकणार?

इंजिन थंड झाल्यावर हवेचा पाइप काढा, इम्पेलर (आतला पात्यांचा पंखा) बोटांनी धरून आडवा हलवा. खडखड हलला, किंवा पात्यांनी हाउसिंगवर चकचकीत रेघ ओढलेली दिसली, तर सेल्फ मारूच नका.

सी-डू जेट-स्कीत येणाऱ्या रोटॅक्सच्या जुन्या इंजिनांच्या सुपरचार्जरमध्ये सेरॅमिक वॉशर असायचे. ते फुटले की तुकडे ऑइलबरोबर थेट इंजिनात. सुपरचार्जर दुरुस्तीचं किट घेताना धातूचे वॉशरच मागा.

बाजारातलं 'सेम साइज' बेअरिंग नको, तेवढा वेग त्याला झेपत नाही. आणि हातोडा तर अजिबात नाही, प्रेसवरच (दाबयंत्रावर) बसवा. मी एकदा ठोकून बसवलं होतं. धानाच्या ऐन हंगामात परत खोलावं लागलं.