जुन्या आलेखांत भरती वाढलेली दिसते, ती खरी का?

प्रश्न : जुन्या भरतीमापकाच्या कागदी आलेखांवरून दर तासाची पाणीपातळी उतरवून घेतली. एम-टू, म्हणजे चंद्रामुळे दिवसातून दोनदा येणाऱ्या मुख्य भरतीचा आयाम (सरासरी पातळीपासूनची उंची) १९१३ साली १.५० मीटर आणि १९२२ साली १.६१ मीटर निघाला. भरती वाढली म्हणावं का?

उत्तर : इतक्यात नको. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला जिथे छेदते ते पातबिंदू १८.६१ वर्षांत एक फेरी पुरी करतात आणि त्या काळात एम-टूचा आयाम सरासरीच्या ३.७ टक्के वर-खाली होतो. १९१३ साली तो तळाला होता, १९२२ साली माथ्यावर. आता १.५०ला ०.९६३ने आणि १.६१ला १.०३७ने भागून पाहा : १.५६ आणि १.५५ मीटर. वाढ गायब! खरा कल शोधायला निदान दोन पातचक्रं, म्हणजे सदतीस वर्षांच्या नोंदी हव्यात. एकेका वर्षाचं स्वतंत्र विश्लेषण करा, पातदुरुस्ती (वरच्यासारखा भागाकार) लावा आणि मगच रेघ ओढा.

प्रश्न : काही महिने एम-टूची कला (चक्रातली तिची वेळ, अंशांत मोजलेली) १० अंशांनी उशिरा येते. आयाम मात्र ठीक आहे.

उत्तर : कागद गुंडाळलेला ढोल फिरवणारं घड्याळ तपासा. एम-टूची गती तासाला २८.९८ अंश, म्हणजे १० अंशांना वीसेक मिनिटं. घड्याळच चुकलं असेल तर दिवसातून एकदाच येणारा के-वन घटकही सरकलेला दिसेल, पण निम्माच, सुमारे ५ अंश. स्थानिक वेळ सोडून प्रमाणवेळ केव्हा घेतली, तेही कागदाच्या समासात शोधा.

मापकाचा तरंगक ज्या विहिरीत असतो तिच्या तळाचं, पाणी आत येण्याचं भोक गाळाने बुजलं असतं तर उशिरासोबत आयामही घटला असता. अशा कागदावर रेघ संशयास्पद गुळगुळीत दिसते, लाटांची बारीक थरथर नाहीशी होते आणि कधी ओहोटीचा तळ सपाट कापल्यासारखा येतो. ते दिवस सरळ वगळा; अंदाजाने भरू नका.

आणखी एक फसगत : एकाच कागदावर आठवडाभराच्या रेघा एकमेकींवरून गेलेल्या असतात. भरती रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येते, त्यावरून कोणती रेघ कोणत्या तारखेची ते ओळखा.

प्रश्न : या सगळ्यातून तावून निघालेला बदल समुद्राचाच ना?

उत्तर : आधी बंदराचे गाळउपशाचे नकाशे मागवा. खाडी खोल केली की तळाचं घर्षण घटतं आणि भरती आत जोमाने शिरते. अमेरिकेत विल्मिंग्टनला भरती-ओहोटीतलं अंतर १८८० च्या दशकापासून सुमारे दुप्पट झालं, ते मुख्यतः याच कारणाने.