नववीतला मुलगा : कराटे की तालीम?

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा, नववीत आहे. शाळेतून आला की मोबाइल. वर्गातली दोन-तीन मुलं त्याला ढकलतात, चिडवतात. तो गप्प बसतो. त्याला कराटे लावावं असं मला वाटतं, त्याचे आजोबा म्हणतात तालमीत घाला. पुढच्या वर्षी दहावी आहे. वेळ वाया जाईल का? पुढं करिअरला उपयोग होतो का? – एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, जरूर घाला. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी एकेक तास दिल्यानं दहावी बुडत नाही. पण कराटे की कुस्ती हे ठरवण्याआधी, तिथं पहिल्या दोन महिन्यांत काय शिकवतात ते बघा.

कराटेच्या जोडीला ज्युदोचाही विचार करा; त्यात ठोसे-लाथा नसतात, समोरच्याला पकडून पाडायचं असतं. ज्युदोच्या चांगल्या वर्गात मुलगा आधी पडायला शिकतो. हनुवटी छातीला टेकलेली, पाठ गोल. पाठ मॅटला लागते त्याच क्षणी दोन्ही हात अंगापासून तिरके, तळवे खाली करून सपकन आपटायचे आणि श्वास सोडायचा. नवखा मुलगा घाबरून हात मागं टेकतो, मग मनगट नाहीतर कोपर दुखावतं. हनुवटी वर राहिली की डोकं आपटतं. म्हणून आधी उकिडवं बसून, मग उभं राहून, शेवटी जोडीदारानं टाकल्यावर, असा क्रम. शेकडो वेळा पडून उठलेला मुलगा कुणी अंगावर आलं तर गोठून जात नाही. तुमच्या मुलाला आधी हे हवंय, ठोसा नंतर. शाळेतल्या त्रासाबद्दल मात्र वर्गशिक्षकांशी तुम्हीच बोला, ते काम त्याच्या मुठीवर सोडू नका.

आजोबांचं म्हणणंही खरं आहे. जोर-बैठका आणि मातीतल्या झोंबीनं या वयात कंबर, पाठ, मान जशी भरते तशी क्वचितच कशानं भरत असेल. अभ्यास आणि कुस्ती एकत्र जमत नाही, असंही नाही. खाशाबा जाधव इथंच राजाराम कॉलेजात शिकले आणि १९५२ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेऊन आले. फक्त वस्तादांना आधीच सांगा की मुलगा घरून येणार, संध्याकाळीच येणार. पुढं स्पर्धा खेळायच्या असतील तर मॅटचा सराव असलेली तालीम बघा, कारण राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय कुस्ती मॅटवर होते. लाठी, दांडपट्ट्याची ओढ असेल तर मर्दानी खेळही उत्तम. दोन्ही हातांची सांगड त्यात लवकर बसते.

वर्ग निवडताना पूर्ण एक तास बाजूला बसून बघा. अंग गरम करायला दहा-पंधरा मिनिटं देतात का? जोड्या वजन बघून लावतात का? पाणी प्यायला सोडतात का? नवख्या मुलांना डोक्यावर मारू देतात, तिथून परत फिरा. दर तीन महिन्यांनी पैसे भरा आणि नवा पट्टा घ्या, असा हिशेब असेल तिथूनही.

या वयात उंची झपाट्यानं वाढते, हाडं पुढं जातात आणि स्नायू मागं राहतात. गुडघ्याच्या वाटीखाली उंचवट्यावर दुखायला लागलं तर उड्या आणि बैठका कमी करा, डॉक्टरांना दाखवा. डोक्याला मार लागून गरगरलं तर त्या दिवशी सराव बंद, थेट डॉक्टर. वजनगटात बसायला उपाशी किंवा तहानलेलं ठेवणं तर अजिबात चालवून घेऊ नका.

आता करिअर. दहावी-बारावीला मिळणारे वाढीव क्रीडागुण आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण खरं आहे, पण त्याला शासनमान्य स्पर्धेतली कामगिरी लागते. शालेय स्पर्धा १४, १७, १९ वर्षांखालील गटांत, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. हजार-दोन हजार प्रवेश फी घेऊन ‘नॅशनल’ म्हणवणाऱ्या खासगी स्पर्धेचं मेडल तिथं चालेलच असं नाही; फी भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. ब्लॅक बेल्टला वेगळे गुण नाहीत, पण सरावानं कमावलेला दम तिथं उपयोगी पडतो. शिकवण्याची आवड निघाली तर पदवीनंतर बीपीएड किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक अभ्यासक्रम आहे. नोकरी, भरतीचं हे सगळं अजून पुढचं.

येत्या रविवारी त्याला घेऊन एक तालीम आणि एक ज्युदो-कराटेचा वर्ग बघून या. निवड त्याला करू द्या. पहिले तीन महिने महागडा ड्रेस घेऊ नका. ट्रॅकपँट, टी-शर्ट आणि कापलेली नखं पुरेत. दहावीच्या जानेवारीपासून तीनाचे दोन दिवस करा, पण बंद करू नका.