ब्रिटिश गायक एड शीरन स्टेजवर एकटाच असतो, मग मागे अख्खा बँड कसा ऐकू येतो?
लूप पेडलमुळे. आधी गिटारच्या बॉडीवर थाप मारून ठेका धरायचा आणि पायाने पेडल दाबून तो रेकॉर्ड करायचा. पुन्हा दाबलं की तोच तुकडा फिरत राहतो. त्यावर कॉर्ड्स (एकत्र वाजणारे सूर), मग आवाजाचे थर. सगळं लोकांसमोरच. खरी गोची पहिल्या थरात असते: दुसरा दाब किंचित उशिरा पडला, तर प्रत्येक फेरीत ठेका अडखळतो आणि वरचं सगळं त्यावरच बसतं. तोच तुकडा फिरत राहत असल्याने चालही बरेचदा त्याच तीन-चार कॉर्ड्सभोवती फिरते.

२०११च्या पहिल्या अल्बमआधी तो लंडनच्या पबमध्ये असाच वाजवायचा. बँडचा खर्चच नाही! २०२२च्या दौऱ्यात मात्र काही गाण्यांना खराखुरा बँड होता.