मोठ्या लढाईत पीसी धाडकन बंद होतो आणि शहरात शिरलं की गेम अडखळतो. ग्राफिक कार्ड बदलू का?

नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमची अडचण थोडक्यात: घर ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीत. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड (१२ जीबी), १६ जीबी रॅमची एकच स्टिक, ६०० व्हीएचा यूपीएस. 'द विचर ३' खेळताना मोठी मारामारी लागली की पीसी थेट बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि नोव्हिग्राड शहरात घोडा घातला की चित्र झटके खातं. दुकानदार म्हणतो कार्ड गेलंय.

एवढ्यावरून कार्ड घेऊ नका. हे दोन वेगळे आजार दिसतायत आणि दोन्हींचं मूळ कार्डाबाहेर असण्याचीच शक्यता जास्त आहे.

गेम कसा मरतो हे आधी नीट बघावं, कारण अर्धं निदान तिथेच होतं. खेळता खेळता गेमची खिडकी मिटली आणि डेस्कटॉप दिसला, तर आधी ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), मॉड (खेळाडूंनी गेममध्ये केलेली भर) किंवा गेमची फाइल तपासायची. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला, तर विंडोजने ग्राफिक ड्रायव्हर रीसेट केलेला असतो. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज असं करतं, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) ४१०१ क्रमांकाची नोंद सापडते. पडद्यावर रंगीत चौकोन, रेघा, ठिपके येत असतील आणि ते बायॉसच्या (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या) स्क्रीनवरही दिसत असतील, तेव्हा मात्र कार्डावर संशय घ्यायचा (केबल आणि मॉनिटर बदलून बघितल्यावरच). तुमच्याकडे यातलं काहीच नाही. निळा पडदा नाही, चेतावणी नाही, सरळ अंधार. असा अंधार बहुतेक वेळा वीजपुरवठ्याकडे बोट दाखवतो.

आता हिशेब बघा. ३०६० पूर्ण जोरात १७० वॅट घेतं, ३६०० प्रोसेसर ८८ पर्यंत जातो, मदरबोर्ड, रॅम, पंखे, डिस्क धरून ३०० च्या वर. एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) यातली काही वीज उष्णतेत घालवतो, म्हणजे भिंतीतून ३५० च्या आसपास ओढलं जातं. वर मॉनिटर. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो. ब्राउझर आणि ऑफिसच्या कामाला तो आरामात पुरतो, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला शंका येत नाही. आपल्याकडे मेन्सचं व्होल्टेज क्षणभर खाली येणं नवं नाही. त्या क्षणी यूपीएस बॅटरीवर उडी मारतो. नेमकी तेव्हा लढाई चालू असेल तर भार त्याच्या कुवतीच्या काठावर असतो, आणि तो हात वर करतो. बॅटरी दोन-तीन वर्षांची जुनी असेल तर विचारूच नका.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. पुढच्या वेळी बंद पडेल तेव्हा मॉनिटरचा छोटा दिवा बघा. मॉनिटरही यूपीएसवरच असेल आणि तोही विझला, तर यूपीएसनेच सगळं तोडलं. मॉनिटर चालू राहून 'नो सिग्नल' दाखवत असेल, तर यूपीएस निर्दोष आणि संशय कॅबिनेटच्या आत, बहुतेक एसएमपीएसवर. दुसरी परीक्षा: एखाद्या संध्याकाळी पीसी चांगल्या अर्थिंगच्या सॉकेटमधून स्पाइक गार्डवर थेट लावा आणि त्याच जागी लढा. लाइट गेली तर पीसी बंद होणारच, म्हणून आधी हाताने सेव्ह करा. तिसरी मला सगळ्यात आवडते. एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिटची पट्टी ७० टक्क्यांवर आणा. फ्रेम्स फार घटत नाहीत, पण कार्डाची भूक चांगलीच उतरते. एवढ्यावर बंद पडणं थांबलं, तर अडचण वीज पुरवणाऱ्या साखळीत आहे हे जवळपास ठरलं.

एसएमपीएसचा स्टिकरही वाचा. या कार्डासाठी एनव्हिडियाची शिफारस ५५० वॅटची आहे. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यावर ५०० लिहिलेलं असलं तरी १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर आहेत ते बघा. १२ ने गुणलं की खरी कुवत कळते आणि पुष्कळदा हसू येतं.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ दिसेल आणि नेटवर त्यावरून शंभर उपाय सापडतील. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की विंडोज नीट बंद न होता गेलं. कारण ती सांगत नाही. तिच्या मागे धावू नका.

उष्णता एकदा बघून घ्या, पण माझा भर तिच्यावर नाही. एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून अर्धा तास खेळा. ३०६० साधारण ८३ अंशांच्या आसपास स्वतःला आवरू लागतं, ३६०० ची कमाल मर्यादा ९५ अंश. त्याला पोचलं तर आधी वेग घटतो, लगेच अंधार होत नाही. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढल्यावर आकडे एकदम खाली आले तर आत हवा खेळत नाहीये. मेट्रो ४ च्या कामापासून तुमच्या रस्त्याची धूळ मी सांगायला नको. मी ऐरोलीत खाडीच्या बाजूला राहतो, इथे धुळीत ओलावा मिसळून पंख्यावर चिकट थर बसतो. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा फिरू देऊ नका.

आता नोव्हिग्राड. इथे बहुतेक जण ग्राफिक्स 'लो' करून बघतात, फरक पडत नाही आणि मग कार्डाला शिव्या देतात. शहरात शेकडो माणसं, त्यांची हालचाल, सावल्या, हे सगळं प्रोसेसरला हाकावं लागतं. खात्री करायची असेल तर रेझोल्यूशन १०८० वरून ७२० करा. फ्रेम्स तेवढ्याच राहिल्या तर कार्ड मोकळं बसलंय आणि अडकलंय दुसरंच काही.

तुमच्या बाबतीत ते दुसरं काही म्हणजे ती एकुलती एक स्टिक, असं माझं मत आहे. एका स्टिकवर मेमरी एकाच मार्गाने चालते, आणि रायझनचा आतला दुवा मेमरीच्या वेगाशी बांधलेला असतो, म्हणून त्याला हे जास्त जाचतं. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरीचा वेग बघा. ३२०० ची रॅम घेऊनही तिथे २१३३ किंवा २४०० दिसत असेल तर बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग, काही बोर्डांवर डीओसीपी) कधी चालूच केलेलं नाही. आजच करा, फुकट आहे. त्यानंतर पीसी वेगळ्याच प्रकारे कोसळू लागला तर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवा. दुसरी स्टिक घ्याल तेव्हा त्याच मापाची घ्या, आणि चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा.

गेमच्या बाजूने एकच मोठी गोष्ट. डिसेंबर २०२२ च्या मोठ्या अपडेटने 'विचर ३' ला डायरेक्टएक्स १२ (गेम आणि कार्ड यांच्यातला विंडोजचा दुवा) आणि रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणं) दिलं आणि त्याबरोबर प्रोसेसरवरचा बोजाही वाढवला. लाँचरमध्ये डायरेक्टएक्स ११ निवडून बघा. रे ट्रेसिंग आणि डीएलएसएस (कमी रेझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम्स वाढवणारी सोय) जातील, पण ३६०० वर शहर बरंच गुळगुळीत चालतं. हेअरवर्क्स (केस खऱ्यासारखे दाखवणारी सेटिंग) बंद करा, नायक गेराल्टच्या केसांसाठी एवढी किंमत मोजण्यात अर्थ नाही. त्या अपडेटच्या आधीचे मॉड पडले असतील तर काढा. नवा ड्रायव्हर टाकल्यावर सुरुवातीला थोडे झटके येतातच, शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) नव्याने तयार होत असतात. ड्रायव्हरवर शंका असेल तर डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर) सेफ मोडमध्ये पूर्ण काढून पुन्हा टाका. आणि गेम अजून हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर हलवा, घोडा दौडताना येणारे झटके तिथलेही असू शकतात.

इंटेलवाल्यांसाठी एक वेगळी सूचना, कारण ते हा प्रश्न वाचून गोंधळतील. १३ व्या-१४ व्या पिढीच्या डेस्कटॉप आय७-आय९ वर अनरिअल इंजिनचे गेम 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' म्हणत पडत असतील तर कार्डाची मेमरी भरलेली असेलच असं नाही. तो प्रोसेसरचा दोष निघाला होता. ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट आलेत, बायॉस अद्ययावत करा.

एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही. दरम्यान डॉक्युमेंट्समधल्या 'द विचर ३' फोल्डरातलं 'गेमसेव्हज' पेन ड्राइव्हवर टाकून ठेवा. सेव्ह होत असताना वीज गेली तर फाइल खराब होऊ शकते, आणि खराब फाइल क्लाउडवरही जाऊन बसते.

यूपीएस दोषी ठरला तर १००० व्हीए, साधारण ६०० वॅटचा घ्या. एसएमपीएस ठरला तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जा किंवा ऑनलाइन मागवा, पण कॅबिनेटवाला डबा पुन्हा नको. दुकानदार कार्डावरच अडून बसला तर त्याला सांगा, हेच कार्ड दुकानातल्या दुसऱ्या पीसीवर माझ्यासमोर अर्धा तास चालवून दाखव. आणि तो मॉनिटरचा दिवा विझतो की नाही, ते इथे लिहा, मग पुढचं बघू.