टोपी आणि खिसे असलेला क्रोशाचा स्कार्फ कसा विणायचा?

साधा स्कार्फ तुम्हाला विणता येतो, आता त्यालाच टोपी आणि खिसे हवे आहेत, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाहीये, असं तुम्ही विचारलंय. आधी पट्टी विणा, मग टोपी, आणि खिसे अगदी शेवटी.

खिसे शेवटी, कारण वजनाने विणकाम लांबतं. माझ्या पहिल्या स्कार्फचे खिसे मी सुरुवातीलाच शिवून टाकले होते. मोबाइल आणि किल्ल्या ठेवून थोडे दिवस वापरला, तर खिसे इतके खाली गेले की हात पोचेनात. सगळं उसवावं लागलं. तेव्हापासून पट्टी विणून झाली की मी तिच्या दोन्ही टोकांना थोडं वजन अडकवून ती रात्रभर टांगून ठेवते आणि सकाळी गळ्यात घालून खिशाची जागा ठरवते.

पट्टीची रुंदी साधारण 20 सेंमी ठेवा. घातल्यावर लांबी 180 सेंमी हवी असेल तर 220 सेंमी विणा, म्हणजे दोन्हीकडे 20-20 सेंमी वर दुमडून खिसे होतात. मध्यम जाडीची लोकर, 5.5 मिमीची सुई आणि अर्धा खांब (सुईवर धागा एकदा गुंडाळून, तिन्ही फेरांतून एकदम ओढून काढायचा टाका), हे मला सगळ्यात आवडतं. पूर्ण खांबाने, म्हणजे त्याहून उंच टाक्याने, काम भरभर होतं, पण खिशात फटी राहतात आणि किल्लीचं टोक बाहेर येतं. म्हणून दोन्ही टोकांचे 20 सेंमी तरी एक नंबर बारीक सुईने मुक्या खांबात (धागा न गुंडाळता घालायच्या बुटक्या, दाट टाक्यात) विणा. टाके मोजून रुंदी तीच ठेवा. फक्त मागच्या धाग्यातून टाके घेऊन येणारी उभार रेघांची वीण दिसायला सुंदर असते, पण रुंदीच्या दिशेने जाणाऱ्या अशा आखूड ओळींच्या पट्टीत ती नेमकी लांबीच्या दिशेने ताणली जाते. इथे ती नकोच.

टोपीसाठी टेप घ्या. मानेच्या एका बाजूच्या तळापासून डोक्यावरून दुसऱ्या बाजूच्या तळापर्यंत सैलसर माप घ्या. मोठ्या माणसासाठी ते बहुधा 66 सेंमीच्या आसपास येतं. तेवढा लांब आणि 24 सेंमी रुंद आयत विणून मधोमध दुमडा. दुमड डोक्यावर येईल. मागची 33 सेंमीची कड शिवा, पुढची मोकळी ठेवा. मागे टोक निघतं. ते आवडत नसेल तर टोपी उलटी करून शिवणीचा वरचा कोपरा तिरपा शिवून घ्या. रुंदीत मात्र कंजुषी करू नका, उथळ टोपी मान वळवली की मागे घसरते.

आता जोडणी, आणि माझ्या मते स्कार्फचा टिकाऊपणा इथेच ठरतो. पट्टीच्या लांब कडेचा मध्य शोधा, तिथे टोपीची मागची शिवण टाचा, आणि दोन्हीकडे 24-24 सेंमीवर खूण करा. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्या कडेवर मुक्या खांबांची सलग ओळ घाला. टोपीच्या भागात पट्टीची आणि टोपीची कड, दोन्ही थर एकत्र घ्या. अर्ध्या खांबाच्या दर दोन ओळींना तीन टाके पुरतात. कड लाटेसारखी झाली तर टाके जास्त झालेत, आक्रसली तर कमी पडलेत. ही ओळ पट्टीला धरून ठेवते, पुढे खिसे भरले तरी मानेजवळ ती फार ओघळत नाही.

खिसे दुमडताना एक बघा: सुरुवातीच्या साखळीची कड घट्ट असते आणि शेवटच्या ओळीची सैल, त्यामुळे दोन खिशांची तोंडं वेगळी दिसतात. साखळी मोठ्या सुईने घाला, आणि शेवटच्या ओळीवर सरकत्या टाक्यांची (उंची न वाढवणाऱ्या, नुसता धागा ओढून काढायच्या टाक्यांची) एक ओळ द्या. बाजू शिवताना तोंडाच्या कोपऱ्यात तीन-चार टाके एकावर एक घ्या. खिसा फाटतो तो तिथूनच.

लोकर 450 ते 500 ग्रॅम लागेल. सगळी एकाच रंगखेपेची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली, घ्या, नाहीतर टोपीचा रंग पट्टीपेक्षा वेगळा दिसेल. हात घट्ट की सैल ते बघायला आधी 15 सेंमीचा चौकोनी नमुना विणून टाके मोजा. तुमची सुई आणि लोकर कुठली आहे ते कळवलंत तर साखळी किती घालायची ते मी हिशेब करून सांगेन.